जोडीनं पळायची दोन दिवसांची माउंटन मॅरेथॉन: कोल्हापुरात राहून तयारी कशी करायची

जुलैमधली पन्हाळा-पावनखिंड मोहीम आपल्याकडं बऱ्याच जणांनी एकदा तरी केलेली असते. दोन दिवस चिखलातनं चालायचं, करपेवाडीच्या आसपास कुठंतरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी पांढरपाणी करून खिंडीत उतरायचं. आता ह्याच मोहिमेतनं चार गोष्टी काढून टाका: पुढं चालणारा वाटाड्या, दगडावरचे बाण, जेवणाचा टेम्पो आणि मुक्कामाची तयार जागा. हातात नकाशा आणि कंपास, पाठीवर तंबू आणि दोन दिवसांचं खाणं, सोबत एकच जोडीदार. जे उरलं त्याला माउंटन मॅरेथॉन म्हणतात.

ब्रिटनमध्ये हा प्रकार १९६८ पासून चालू आहे. गेरी चार्नली ह्यांनी सुरू केला, आधी स्पॉन्सरच्या नावानं करिमोर म्हणून ओळखला जायचा, आता ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन, थोडक्यात ओएमएम. ऑक्टोबरच्या शेवटी, मुद्दाम खराब हवेच्या दिवसांत, दरवर्षी वेगळ्या डोंगरात. मॅरेथॉन म्हटलं तरी ४२ किलोमीटरचा आखलेला रस्ता वगैरे काही नसतो. डोंगरात ठरलेल्या जागी केशरी-पांढरे झेंडे लावलेले असतात, त्यांना कंट्रोल म्हणतात, तुम्ही नकाशावरनं तिथं पोचायचं, बोटाला बांधलेली इलेक्ट्रॉनिक काडी तिथल्या डब्यात घालायची म्हणजे नोंद होते. जायचं कुठनं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. ह्यात दोन प्रकार आहेत, एकात सगळे कंट्रोल ठरलेल्या क्रमानं करायचे आणि कमी वेळ लागेल तो जिंकला. दुसरा स्कोअर क्लास, त्यात वेळ ठरलेली (लांब स्कोअरला पहिल्या दिवशी ७ तास, दुसऱ्या दिवशी ६), प्रत्येक कंट्रोलला पॉइंट, कुठले घ्यायचे कुठले सोडायचे तुमची मर्जी, पण उशीर झाला की पॉइंट कापले जातात. नवीन माणसानं डोळे झाकून स्कोअर क्लास घ्यावा, कारण अंगात जेवढा दम आहे तेवढंच करून वेळेत परत येता येतं.

मी आणि माझे मेहुणे, आम्ही दोघं जोडीनं पळतो. आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप दर डिसेंबरला पन्हाळ्याच्या पश्चिमेला आपला आपण छोटा दोन दिवसांचा स्कोअर इव्हेंट लावतो. फी नाही, बक्षीस नाही. त्यातनं जे शिकलो ते लिहितोय, बाहेरच्या मोठ्या इव्हेंटला जायचं असेल तरी हेच कामाला येतं आणि इथंच ग्रुप जमवून करायचं असेल तरी हेच.

सगळ्यात आधी नकाशा, कारण माझं स्पष्ट मत आहे की ह्या खेळात पाय दुसऱ्या नंबरवर येतात. आमच्यातला सगळ्यात वेगवान गडी, हाफ मॅरेथॉनला आमच्या पुढं वीस मिनिटं असतो, तो पहिल्या वर्षी शेवटून दुसरा आला, कारण जोरात पळत चुकीच्या सोंडेवर गेला आणि जेवढा जोरात गेला तेवढंच लांब परत यावं लागलं.

सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे, १:५०,००० स्केलचे असतात, म्हणजे नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. पन्हाळा ४७ एल/१ ह्या शीटमध्ये येतो. कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, अशा दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक. ब्रिटनच्या इव्हेंटला बहुतेक १:४०,००० चा नकाशा असतो आणि कंटूर १५ मीटरचा, तिथं जाणार असाल तर ही सवय मोडायला लागते. आम्ही प्रॅक्टिसला १:२५,००० ला मोठा करून प्रिंट काढतो, आणि झेरॉक्सवाल्याकडनं हातात आल्या आल्या पट्टीनं मोजतो, १ किलोमीटर बरोब्बर ४ सेंटिमीटर भरलं पाहिजे, कारण प्रिंटरमध्ये फिट टू पेज राहिलं की सगळं स्केल बोंबललं.

कंटूर वाचायला आपल्या माणसाला अवघड जाऊ नये, कारण जमिनीला लागणारे सगळे शब्द आपल्याकडं आधीपासनं आहेत. रेषांचं टोक उताराच्या दिशेला बाहेर आलं असेल तर ती सोंड. टोक डोंगराच्या आत, चढाच्या बाजूला घुसलं असेल तर घळ, तिच्यातनं पावसाळ्यात ओढा वाहतो. दोन उंचवट्यांच्या मधली खाच म्हणजे खिंड. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, एकदम लांब लांब गेल्या की सडा, म्हणजे सपाट पठार. पहिले चार रविवार एवढंच करा: जोतिबाच्या डोंगरावर नाहीतर पन्हाळ्याच्या तटावर नकाशा घेऊन बसा आणि समोर दिसतंय त्यातली एकेक सोंड, एकेक घळ नकाशावर बोटानं दाखवा. जोडीदारानं खरं-खोटं करायचं. पळायचं नाही. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं आणि इथंच सगळे कच्चे राहतात.

मग नकाशा धरायची पद्धत. नकाशा कायम उत्तरेला फिरवून धरायचा, अक्षरं उलटी दिसली तरी चालतील, आणि अंगठा आपण आहे तिथं ठेवायचा, पुढं सरकलो की अंगठा सरकवायचा. एवढ्या साध्या सवयीनं निम्म्या चुका कमी होतात. कंपास बेसप्लेटवाला (पारदर्शक पट्टीवर बसवलेला) घ्या, मोबाईलमधला नको. मोबाईलपासनं तो लांब धरायचा, छातीवरच्या खिशात फोन आणि समोर हातात कंपास असं केलं की सुई खोटं सांगते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर ह्यात फरक असतो असं पुस्तकात लिहिलेलं असतंय, आपल्या भागात तो एक अंशाच्या आसपास आहे, विसरून जा.

थेट कंट्रोलवर कधी जायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. आधी कंट्रोलच्या जवळची अशी मोठी जागा निवडायची जी चुकूच शकत नाही, देऊळ, दोन ओढ्यांचा संगम, खिंड, पाणंदीचं वळण. तिथपर्यंत जोरात पळायचं. तिथं थांबून दम खायचा, बेअरिंग (कंपासवरनं जायची दिशा) घ्यायचं आणि शेवटचे दोन-तीनशे मीटर हळू, पावलं मोजत. आणि कंट्रोलच्या पलीकडं काय लागणार आहे तेही आधी बघून ठेवायचं, म्हणजे ते दिसलं की कळतं आपण पुढं आलो. समजा ओढ्याकाठच्या एका जागी जायचंय, तर सरळ त्या जागेवर नेम धरू नका, मुद्दाम थोडं डावीकडं धरा, ओढा लागला की उजवीकडं वळायचं हे पक्कं असतं. सरळ नेम धरला आणि ओढ्यावर पोचून जागा दिसली नाही तर डावीकडं जायचं का उजवीकडं ह्यावरनं दोघांची भांडणं लागतात.

पावलं मोजायला शिवाजी युनिव्हर्सिटीच्या ग्राऊंडवर १०० मीटर आखून घ्या आणि फक्त डावा पाय मोजा. माझी चालत ६४ होतात, सावकाश पळत ४२. चढाला, उताराला, पाठीवर वजन घेऊन वेगळी मोजा आणि आकडे कंपासच्या मागं चिकटवून टाका.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ ह्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक नियम सांगितलाय तो आजपण चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे २ किलोमीटर लांबचा कंट्रोल आणि २०० मीटर चढ असेल तर २४ मिनिटं अधिक २० मिनिटं, ४४. तुम्ही ह्यापेक्षा फास्ट असाल, तर दोन-तीनदा मोजून आपला आकडा काढा, पण वजन घेऊन काढा. ह्याच नियमातनं दुसरी कामाची गोष्ट निघते, १ मीटर चढ म्हणजे साधारण ८ मीटर सपाट. डोंगरावरनं सरळ जाताना ५ कंटूर म्हणजे १०० मीटर चढ जास्त पडत असेल आणि वळसा घालून ८०० मीटरपेक्षा कमी अंतर वाढत असेल तर वळसाच घ्या. बहुतेक नवीन जोड्या ताकदीच्या जोशात सरळ चढतात आणि तिसऱ्या तासाला मांड्या भरून येतात.

नकाशा हातात पडल्यावर पहिली दहा मिनिटं जागचं हलायचं नाही. बाकीचे सुसाट सुटतात, सुटू द्या. बसून सगळे कंट्रोल बघा, एक गोल आखा, आणि गोलाच्या शेवटी, मुक्कामाच्या जवळ, दोन-तीन लहान पॉइंटचे कंट्रोल मुद्दाम शिल्लक ठेवा. वेळ उरला तर ते घ्यायचे, नाही उरला तर सोडून सरळ आत. आणि एक वेळ दोघांनी मिळून ठरवायची, समजा सुरू होऊन तीन तास, की तेव्हा जिथं असू तिथनं तोंड मुक्कामाकडं. ह्या वेळेवर नंतर चर्चा नाही.

जोडीदार निवडताना वेग सारखा बघा हे सगळे सांगतात, मी म्हणतो स्वभाव बघा. नियमानं दोघांनी कायम एकत्र राहायचं असतं, म्हणजे जोडीचा वेग हा हळू असणाऱ्याचाच वेग. जो फास्ट आहे त्यानं तंबू उचलायचा, साधा हिशेब. आमच्यात मी नकाशा बघतो आणि पाव्हणं, म्हणजे मेहुणे, घड्याळ, पावलं आणि खाणं सांभाळतात, दर पाऊण तासाला मला हातात काहीतरी देतात, "दाजी, खावा आधी, मग बघा नकाशा". नकाशा मात्र दोघांकडं वेगवेगळा पाहिजे आणि दर कंट्रोलला दुसऱ्यानं स्वतः बघून होय म्हटलं पाहिजे. तीन वर्षांमागं पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर धुक्यात आम्ही एका पठारावरनं दुसऱ्यावर आलोय असं समजून चाललेलो, खरं तर अजून पहिल्यावरच होतो. समोर कडा आला, नकाशात तिथं कडा नव्हता, तर मी म्हटलं नकाशा जुना असेल. पाव्हण्यांना पटलं नव्हतं, पण मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. पन्नास मिनिटं गेली. तेव्हापासनं आमच्यात ठरलंय, शंका आली की मोठ्यानं बोलायचं, आणि जमीन नकाशाला जुळत नसेल तर दोघांनी थांबायचं, शेवटची खात्रीची जागा कुठली ती ठरवायची आणि तिथं परत जायचं. पुढं जाऊन सापडेल असं म्हणायचं नाही.

सामानाचं आता. किराणा दुकानातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून वजन करा, पाण्याशिवाय एका माणसाला ५-६ किलोच्या वर जाऊ देऊ नका. मोठ्या इव्हेंटला सक्तीची यादी असते आणि सुरुवातीला नाहीतर शेवटी बॅग उघडून तपासतात: कंपास, शिट्टी, हेडटॉर्च, शिवणीला टेप मारलेलं रेनजॅकेट, कोरडा गरम थर, टोपी-हातमोजे, स्लीपिंग बॅग, अंगाभोवती गुंडाळायची सर्व्हायव्हल बॅग, फर्स्ट एड, स्टोव्ह, तंबू, आणि संकटाला ठेवलेलं जादा खाणं. ही यादी उगाच नाही. २५ ऑक्टोबर २००८ ला इंग्लंडमधल्या बॉरोडेलला ओएमएम चालू असताना असा पाऊस आणि वारा झाला की इव्हेंट थांबवला, शेकडो लोक डोंगरात अडकले अशा बातम्या आल्या, पण जवळजवळ सगळे सुखरूप होते, कारण प्रत्येकाच्या पाठीवर निवारा आणि खाणं होतं. इथं डिसेंबरात यादी हलकी होते, पण रेनजॅकेट, गरम थर आणि शिट्टी काढायची नाही. मदतीला मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, परत सहा. झोपायची मॅट वेगळी न घेता बॅगेच्या पाठीतला फोम काढून घेता येतो, वर बबल रॅप. कपडे, स्लीपिंग बॅग सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, बॅगेच्या कव्हरवर विश्वास नको. विमानानं जाणार असाल तर गॅसचा कॅन नेता येत नाही, तिथं उतरून घ्यायचा.

खाण्यात आपण कोल्हापूरकर आधीच पुढं आहे. शेंगदाणे आणि गूळ ह्यापेक्षा वजनाला भारी इंधन मला अजून सापडलेलं नाही, १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी आणि आपला गूळ तर जीआय टॅगवाला. कुटून लाडू करा, एक लाडू एका घासाचा, मोठे लाडू पळताना खाता येत नाहीत. दिवसभर गोड खाऊन तोंड फिरतं म्हणून दुसऱ्या खिशात भडंग नाहीतर खारे दाणे. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, साधारण एक लिटर, जास्त घट्ट करायची नाही. रात्रीला भाजलेल्या रव्याचा उपमा घरनंच कोरडा तयार करून न्यायचा, मीठ, फोडणी सगळं घालून, वर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवलं की झालं. पातळ पोह्यांचं पण जमतं. सोबत कांदा-लसूण चटणीची छोटी पुडी आणि तुपाची डबी. दशम्या दुसऱ्या दिवशी सकाळी, स्टोव्ह न पेटवता.

मुक्कामाला पोचल्यावर लोक आडवे होतात, ती चूक करू नका. अंग गरम आहे तोवर क्रमानं कामं उरकायची, तंबू, पाणी, ओले कपडे काढून कोरडे, मग खाणं, हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात. कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त तंबूसाठी, तो दिवसा काहीही झालं तरी घालायचा नाही. रात्री बाहेर जायचं झालं तर त्या मोज्यांवर ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या चढवून मग ओला बूट. पाय पुसून टॉर्चनं नीट बघा, लाल झालंय तिथं आत्ताच टेप, फोड यायची वाट बघू नका. डिसेंबरात सहा-सव्वासहाला अंधार पडतो आणि उजाडायला सातला येतंय, म्हणजे रात्र लांब आहे, आठला झोपलं तरी चालतं, आणि मला विचाराल तर दिवसभरातला सगळ्यात चांगला वेळ हाच. शेजारच्या तंबूतनं कुणी कुठला कंट्रोल कसा घेतला ह्याची चर्चा, अंगावर स्लीपिंग बॅग, हातात चहा, बाहेर दव पडतंय. जोडीदार थरथरायला लागला, बोलताना अडखळला, साध्या गोष्टीत गोंधळला तर ती नुसती दमणूक समजू नका, कोरडे कपडे, गरम गोड पाणी, स्लीपिंग बॅग, आणि उद्याची स्पर्धा कॅन्सल.

इथं स्वतः इव्हेंट लावणार असाल तर जागेचं थोडं. मसाई पठार आता संवर्धन राखीव आहे, वन विभागाला विचारल्याशिवाय तिथं काही करायचं नाही आणि वर तंबू तर नाहीच, आम्ही खालच्या वाडीत ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात मुक्काम करतो, त्याला आठवडाभर आधी भेटून. राधानगरीकडं अभयारण्य आहे, तिकडं हा खेळ नको. उभं पीक सगळं आऊट ऑफ बाउंड्स, म्हणजे तिथं जायला बंदी, नकाशावर लाल रेघा मारूनच द्यायचं. उसातनं तर कुणी शॉर्टकट मारायचाच नाही, घोणस असते ते आहेच, पण डुकरांसाठी काही ठिकाणी तारेत करंट सोडलेला असतो, तो जीव घेतो. गवा दिसला तर लांबनं वळसा, पळायचं नाही, ओरडायचं नाही, कंट्रोल सोडला तरी चालेल. धनगरवाड्याजवळ पळणं थांबवून चालत जा, कुत्री पळणाऱ्याच्याच मागं लागतात. कड्याला आग्या मोहोळ असतील तिथं कंट्रोल लावू नका. साप चावला तर पट्टी आवळणं, कापणं काही नाही, माणूस न हलवता उचलून १०८ ला फोन आणि सरळ कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल.

आम्ही १५ कंट्रोल लावतो, टेलरकडनं केशरी-पांढऱ्या कापडाचे तुकडे शिवून आणलेत, प्रत्येकावर मार्करनं एक अक्षर, ते अक्षर आपल्या कार्डावर लिहून आणलं की पोचल्याचा पुरावा. जवळच्याला १० पॉइंट, लांबच्याला ५०. पहिल्या दिवशी ५ तास, दुसऱ्या दिवशी ४, उशिराला मिनिटाला २ पॉइंट वजा, अर्ध्या तासाच्या वर गेला तर दिवसाचे सगळे शून्य. हे कडक वाटतं पण त्यामुळंच सगळे उजेडात परत येतात. मोबाईल बंद करून पाकिटात सील, उघडला तर फक्त संकटात. झेंडे लावणारा माणूस स्वतः पळत नाही, दिवसभर मुक्कामाच्या जागी वही घेऊन बसतो, कोण कधी सुटलं, कोण आलं.

दुसऱ्या दिवशी शेवटची जोडी आली की आधी माणसं मोजायची, मग झेंडे. ज्या जोडीला जो कंट्रोल जवळ पडतो तो त्यांनी काढून आणायचा, पंधराच्या पंधरा टेबलावर आल्याशिवाय कुणी गाडीला किक मारत नाही. मागच्या वर्षी एक कमी भरला, घळीतला, तर पाव्हणं आणि मी परत गेलो, वाऱ्यानं करवंदीच्या जाळीत जाऊन अडकलेला. तो घेऊन खाली आलो, रानमालकाला सांगितलं सगळं आवरलंय, आणि मग वाडीतल्या एका घरी ताक प्यायला बसलो.